हिस्सा आणि हमी : भरवेली, दाभोळ व २०१५ चा नमुना गुंतवणूक करार – एक चिकित्सा

प्रस्तावना

बालाघाट शहरालगतची भरवेलीची मँगनीज खाण आशियातील सर्वांत खोल भूमिगत मँगनीज खाण म्हणून ओळखली जाते. भूगोलाच्या तासाला एवढे सांगून विषय संपतो. परंतु या खाणीच्या मालकीचा इतिहास अर्थशास्त्र, राज्यशास्त्र आणि वाणिज्य शिकविणाऱ्या प्राध्यापकांनाही तितकाच उपयोगी आहे. परकीय कंपनी आणि शासन यांच्यातील संबंध कोणत्या अटींवर जुळतात व कोठे मिटविले जातात, हा आंतरराष्ट्रीय गुंतवणूक कायद्याचा मुख्य प्रश्न होय. भरवेलीचा अनुभव आणि महाराष्ट्रातील दाभोळ वीज प्रकल्पाचा अनुभव शेजारी ठेवून, भारत सरकारने २०१५ साली मंजूर केलेल्या नमुना द्विपक्षीय गुंतवणूक कराराची चिकित्सा करणे, हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

भरवेलीचा दाखला

मध्य प्रांतातील मँगनीजच्या शोधासाठी १८९६ मध्ये एक ब्रिटिश संस्था स्थापन झाली. पुढे तीच सेंट्रल प्रॉव्हिन्सेस मँगनीज ओअर कंपनी या नावाने ओळखली जाऊ लागली. स्वातंत्र्यानंतर १९६२ मध्ये भारत सरकार व ही कंपनी यांच्यात करार झाला आणि मँगनीज ओअर इंडिया लिमिटेड, म्हणजे आजची नागपूरची 'मॉयल', अस्तित्वात आली. नव्या कंपनीचे ५१ टक्के भागभांडवल केंद्र सरकार, मध्य प्रदेश शासन व महाराष्ट्र शासन यांच्याकडे आले. ४९ टक्के ब्रिटिश कंपनीकडे राहिले. १९७७ मध्ये हा उरलेला हिस्साही शासनाने घेतला.

या व्यवहाराचे उदात्तीकरण करण्याचे कारण नाही. साम्राज्याच्या अस्ताचा तो काळ होता आणि भारताने तेव्हा कोणत्याही देशाशी आजच्यासारखा गुंतवणूक करार केलेला नव्हता. तरीही एक गोष्ट लक्षात घेतली पाहिजे. शासनाने येथे प्रथम हिस्सा घेतला आणि हिश्श्याबरोबर नियंत्रणही घेतले. परकीय भागीदार एकदम बाहेर पडला नाही. ते स्थित्यंतर पंधरा वर्षांत पूर्ण झाले.

दाभोळचा अनुभव

दाभोळमध्ये नेमके याच्या उलट घडले. अमेरिकेच्या एन्रॉन, जनरल इलेक्ट्रिक व बेक्टेल या कंपन्यांच्या दाभोळ पॉवर कंपनीशी महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळाने डिसेंबर १९९३ मध्ये वीजखरेदी करार केला. हा प्रकल्प आर्थिकदृष्ट्या व्यवहार्य नाही, असे मत जागतिक बँकेने त्याच वर्षी दिले होते. तरीही करार झाला. विजेचा दर डॉलरशी जोडला गेला, मंडळाच्या देण्याला राज्य शासनाने हमी दिली आणि त्या हमीला केंद्राने प्रतिहमी दिली. पुढे मंडळाला कंपनीत भागही मिळाला. पण तो अल्प होता. नियंत्रण कंपनीकडे आणि जोखीम शासनाकडे, अशी ही विभागणी होती.

१९९५ मध्ये राज्यात सत्तांतर झाले. नव्या शासनाने प्रकल्प रद्द केला आणि कंपनीने लंडनमध्ये लवादाची कार्यवाही सुरू केली. १९९६ मध्ये फेरवाटाघाटी होऊन प्रकल्प पुन्हा सुरू झाला. मात्र आधी ऐच्छिक असलेला दुसरा टप्पाही आता बंधनकारक ठरला. १९९९ मध्ये वीज येऊ लागली. दोन वर्षांतच ती मंडळाला परवडेनाशी झाली आणि मे २००१ मध्ये खरेदी थांबली. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये एन्रॉनने दिवाळखोरी जाहीर केली.

यानंतर वादाला अनेक तोंडे फुटली. जनरल इलेक्ट्रिक व बेक्टेल यांनी आपल्या मॉरिशसमधील कंपन्यांमार्फत भारत-मॉरिशस गुंतवणूक कराराखाली दावे लावले. कर्ज देणाऱ्या परकीय बँकांनी इतर देशांशी झालेल्या करारांचा आधार घेतला. भांडवल अमेरिकेचे आणि करार मॉरिशसचा, अशी ही रचना होती. याशिवाय भागधारक कराराखालील एका स्वतंत्र लवादात एप्रिल २००५ मध्ये महाराष्ट्राच्या बाजूविरुद्ध नऊ कोटी डॉलरहून अधिक रकमेचा निवाडा झाला. अखेर तडजोडी झाल्या आणि प्रकल्प एनटीपीसी व गेल यांचा प्रमुख सहभाग असलेल्या रत्नागिरी गॅस अँड पॉवर कंपनीकडे गेला. गुंतवणूक करारांखालील दाव्यांचा अंतिम निर्णय कधीच लागला नाही. त्यामुळे या प्रकरणात शासनाची चूक कोणती आणि कंपनीची कोणती, हे त्या मंचावर ठरलेच नाही.

नमुना कराराची चिकित्सा

भारताविरुद्धचा पहिला ज्ञात प्रतिकूल गुंतवणूक निवाडा नोव्हेंबर २०११ मध्ये व्हाइट इंडस्ट्रीज या ऑस्ट्रेलियन कंपनीच्या प्रकरणात आला. कोल इंडियाविरुद्ध २००२ मध्ये मिळालेल्या लवाद निवाड्याची अंमलबजावणी भारतीय न्यायालयांत वर्षानुवर्षे अडकली, ही कंपनीची तक्रार होती. ती निराधार नव्हती. या निवाड्यानंतर आणि व्होडाफोनसारख्या करविषयक दाव्यांच्या पार्श्वभूमीवर २०१५ चा नमुना करार तयार झाला.

या मसुद्याच्या जमेच्या बाजू स्पष्ट आहेत. त्यात 'सर्वाधिक पसंतीचे राष्ट्र' हे कलम नाही. व्हाइट इंडस्ट्रीजने याच कलमाच्या आधारे भारत-कुवेत करारातील तरतूद उसनी घेतली होती. करविषयक उपाय वगळले आहेत. गुंतवणूकदाराने लवादाकडे जाण्यापूर्वी किमान पाच वर्षे देशांतर्गत उपाय वापरावेत, अशी अट आहे. लवादाची कागदपत्रे जनतेसाठी खुली करण्याची तरतूद आहे. स्थानिक स्वराज्य संस्थांचे निर्णयही कराराच्या कक्षेबाहेर ठेवले आहेत. ज्या जिल्ह्यात बैहरसारखे अनुसूचित क्षेत्र आहे आणि ग्रामसभेला १९९६ च्या पेसा कायद्याने अधिकार दिले आहेत, त्या बालाघाटसाठी ही शेवटची तरतूद विशेष महत्त्वाची ठरते.

तथापि मसुद्याचा मूळ दोष त्याच्या रोखात आहे. त्याने लवादाचे अधिकार बारकाईने आवरले, परंतु शासनाच्या सहीला आवर घातला नाही. केवळ कंत्राटभंगातून निर्माण होणारा वाद मसुदा देशांतर्गत न्यायालयाकडे किंवा त्या कंत्राटात ठरलेल्या मार्गाकडे सोपवितो. कंत्राटातच परदेशी लवाद मान्य केलेला असेल, तर पाच वर्षांची अट तेथे लागू होत नाही. दाभोळचा १९९५ चा लवाद कंत्राटातूनच आला होता आणि २००५ चा निवाडाही भागधारक करारावरच आधारलेला होता. म्हणजे हा नमुना करार त्या काळी लागू असता, तरी हे दोन्ही लवाद टळले नसते. ग्रामसभेच्या निर्णयाला मिळालेले संरक्षणही याच वाटेने निष्प्रभ होऊ शकते. कारण राज्य शासनाने कंत्राटात हमी दिली असेल, तर ग्रामसभेच्या नकाराची किंमत त्या कंत्राटाखाली मागितली जाऊ शकते.

दुसरा दोष न्यायालयीन विलंबाचा. व्हाइट इंडस्ट्रीजचा वाद विलंबातूनच उद्भवला होता. त्यावर उपाय म्हणून न्यायदान गतिमान करण्याऐवजी पाच वर्षे थांबण्याचे बंधन गुंतवणूकदारावर टाकणे, हे आजाराचे निदान होऊनही दुसऱ्याच दुखण्यावर औषध देण्यासारखे आहे. वाटाघाटींत हे बंधन टिकतही नाही. ऑगस्ट २०२४ मध्ये अमलात आलेल्या भारत-संयुक्त अरब अमिराती करारात ही मुदत तीन वर्षांवर आली.

समारोप

परकीय भांडवल नको, असा निष्कर्ष या विवेचनातून निघत नाही. भरवेलीत ते होते आणि १९६२ नंतरही पंधरा वर्षे राहिले. प्रश्न आहे तो शासन हिस्सा घेते की हमी देते, आणि हमी द्यायचीच असेल तर ती देण्यापूर्वी कोणाला विचारते, हा. कंत्राटाचा मसुदा सहीपूर्वी विधिमंडळासमोर ठेवणे, हमीची कमाल रक्कम जाहीर करणे आणि ज्या भागात प्रकल्प येणार तेथील ग्रामसभेचे म्हणणे कंत्राटालाच जोडणे, या तीन गोष्टींसाठी कोणत्याही परदेशाची संमती लागत नाही. २०१५ च्या मसुद्याने परदेशांशी काय बोलावे हे ठरविले. स्वतःच्या मंत्रालयांनी व मंडळांनी सही कशी करावी, हे काम शिल्लक आहे. पदवीच्या वर्गात हा विषय शिकविताना करारांच्या कलमांबरोबर भरवेलीचे भागभांडवल आणि दाभोळची हमीही फळ्यावर मांडली, तर विद्यार्थ्यांना वाद कोठे सुरू होतो हे नीट कळेल.