मुंबईच्या वादसभा आणि त्यांचा इतिहास

मुंबईच्या एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्ये इ. स. १८४८ साली स्टुडंट्स लिटररी अँड सायंटिफिक सोसायटी स्थापन झाली. तिच्या मराठी शाखेचे, म्हणजे उपयुक्त ज्ञानप्रसारक सभेचे, अध्यक्ष दादोबा पांडुरंग होत. सभेत वाचिलेल्या निबंधांसाठी १८५० साली ‘मराठी ज्ञानप्रसारक’ मासिक निघाले. या छापील निबंधांवरूनच सभेचा इतिहास रचण्याची रीत आम्हांस सदोष वाटते. निबंध हा केवळ पूर्वपक्ष होय. श्रोत्यांचे आक्षेप गाळिले म्हणजे वादसभा मुक्या विद्यार्थ्यांची पाठशाळा भासते, आणि मतभेद करण्यास शिकलेली ती पिढी एकमुखी ठरते. उत्तरपक्ष शोधावयाचा तो सभावृत्तांच्या वह्यांत व सभासदांच्या खाजगी पत्रांत. म्हणून संग्राहकांस विनंती की, पोथ्या निवडताना असली चोपडी रद्दीत टाकू नये.