उसळ, पाव आणि पाण्याचा पेला

वड्या-मिसळीवरचे लेखन हल्ली उदंड झाले आहे. त्यातले बहुतेक ‘अप्रतिम’ या एका शब्दावर उभे असते, आणि तो शब्द इतक्या कढयांवर भुरभुरला गेला आहे की त्याला आता शिळ्या कोथिंबिरीइतकीही चव उरलेली नाही. नाटकाविषयी आपण कारणे देऊन बोलतो; मग उसळीविषयी का बोलू नये? या हेतूने गेल्या वर्षभरात महाड आणि पोलादपूर येथली मिळून नऊ हॉटेले, टपऱ्या व हातगाड्या मी पालथ्या घातल्या. मागणी सगळीकडे एकच : उसळ-पाव, एक वडा आणि चहा. दुकानांची नावे मुद्दामच देत नाही. मला निवाडा करायचा आहे तो चवीच्या दोन रीतींचा.

ही दोन्ही गावे मुंबई-गोवा महामार्गावरची. कोकण रेल्वे १९९८ साली पूर्ण सुरू झाली; पण ती महाडला वीर स्थानकाची लांबूनच ओळख देऊन निघून जाते आणि पोलादपूरला शिवतही नाही. त्यामुळे एस. टी., ट्रक आणि खासगी मोटारी हेच इथल्या कढईचे आश्रयदाते. पोलादपूरहून दोन घाटांच्या वाटा फुटतात, एक कशेडीची खेडकडे आणि दुसरी आंबेनळीची महाबळेश्वरकडे. घाट चढण्यापूर्वी माणसाला चहा लागतो, उतरल्यावर तो अधिकच लागतो.

महामार्गावरची उसळ प्रथम डोळ्यांना भेटते. तिच्यावर लाल तेलाचा एक तवंग असतो; त्या तवंगाखाली पांढरा वाटाणा आहे की हरभरा, हे चमच्याने शोधावे लागते. वडा सकाळी तळून ठेवलेला आणि गाडी आली की पुन्हा तेलात सोडलेला. अशा वड्याचे कवच कडक होते आणि आतला बटाटा मात्र कोमटच राहतो. यात आचाऱ्याचे हात वाईट आहेत असे मुळीच नाही. तो माणसासाठी रांधतच नाही, घड्याळासाठी रांधतो. गाडी थोडा वेळ थांबणार, कंडक्टर घंटी मारणार, आणि आज बशीत अर्धा वडा टाकून उठलेला प्रवासी उद्या तक्रार घेऊन येणार नाही.

बाजारपेठेतली रीत निराळी. तिथे एका अंधाऱ्या, लांबट हॉटेलात आठवड्यातून दोनच दिवस कडव्या वालांची उसळ होते. वाल भिजवायचे, फडक्यात बांधून त्यांना मोड आणायचे, मग एकेक दाणा बोटांनी सोलायचा : या कामाला पळवाट नाही. साल निघाले तरी वालाचा किंचित कडूपणा मागे राहतो; नारळ आणि आमसूल त्याला झाकत नाहीत, सावरून धरतात. मला ही उसळ फार थोर वाटली. शेजारच्या बाकावरचे एक वृद्ध गृहस्थ मात्र ‘आज आमसूल कमी पडले’ असे गल्ल्यावर बसलेल्या मालकाला ऐकू जाईल इतक्या आवाजात म्हणाले, आणि मालकाने मान डोलावली. ही खरी समीक्षा. तिच्यापुढे माझा लेख म्हणजे उगाच शाईचा खर्च.

वड्याचे कुळ मुंबईचे. दादर स्थानकाबाहेर १९६६ च्या सुमारास अशोक वैद्य यांनी तो पावात घातला असे सांगतात. या तालुक्यांतली माणसे पिढ्यान्‌पिढ्या मुंबईला जात आली, गिरणीत राबली, खानावळीत जेवली. १९८२ च्या संपानंतर अनेकांचे ते जग संपले. तेव्हा इथला वडा म्हणजे मुंबईहून परतलेला चाकरमानी समजावा. बाजारातल्या गाडीवर त्याला ठेचलेल्या लसणाचा वास येतो; महामार्गावर तो नुसता पिवळा असतो.

इथवर माझा निवाडा सोपा होता : ज्याला गिऱ्हाईक उद्या पुन्हा दिसणार आहे, तो चांगले रांधतो. पण महाडात बसून एवढ्यावर थांबता येत नाही, कारण टेबलावर उसळीच्या आधी पाण्याचा पेला येतो. सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले करावेत हा सी. के. बोले यांचा ठराव मुंबई कायदेमंडळात १९२३ साली झाला. महाड नगरपालिकेने १९२४ साली चवदार तळे खुले केले, पण कागदावर. १९२७ च्या मार्चमध्ये डॉ. आंबेडकरांच्या उपस्थितीत इथे परिषद भरली तेव्हा तिच्यासाठी चाळीस रुपयांचे पाणी विकत घ्यावे लागले. २० मार्चला त्यांनी व हजारोंनी तळ्याचे पाणी घेतले. त्यानंतर मंडपावर हल्ला झाला आणि शिजलेले अन्न मातीत गेले. तळ्याच्या दाव्याचा निकाल उच्च न्यायालयात लागायला १९३७ उजाडले. परिषदेच्या संयोजकांपैकी रामचंद्र बाबाजी मोरे यांच्या आठवणींत महाडच्या बाजारात अस्पृश्यांसाठी निघालेल्या एका चहाच्या दुकानाची हकीकत येते. या गावातल्या खाण्यापिण्याच्या इतिहासात त्या दुकानाचे स्थान मी सर्वांत वरचे मानतो, मग तिथला चहा कसाही असो.

‘आपल्या माणसांसाठी रांधलेले’ म्हणून ज्या चवीचे आपण गोडवे गातो, तिच्या उंबरठ्यावर ‘आपले कोण’ हा प्रश्न उभा असे. महामार्गावरच्या त्या नीरस वड्याच्या बाजूने एवढे म्हटलेच पाहिजे, की तो कोणाला गाव विचारत नाही आणि आडनावही नाही. त्याची बेपर्वाई सर्वांना सारखी मिळते. सपक रश्शात मीठ नसते, पण हा गुण असतो; समीक्षकाने तो हिशेबात न धरणे अप्रामाणिकपणाचे होईल. म्हणून चव घेण्याआधी मी वाढप्याचा हात पाहत असे : पेला कोणापुढे कसा ठेवला जातो. नऊही ठिकाणी तो सर्वांपुढे एकाच रीतीने, म्हणजे थोडे पाणी सांडून, आपटला गेला.

आता चवीचा क्रम. पहिली अर्थातच ती वालाची उसळ, आमसूल कमी असतानासुद्धा. वडा महाडच्या बाजारातल्या हातगाडीवरचा, पाव मात्र सकाळचाच घ्यावा. चहा पोलादपूरच्या एका टपरीवर, गवती चहाची पात घातलेला. साखर थोडी कमी सांगावी लागते.