आधी गाणं, मग नाव

प्लेटोच्या ‘मेनो’ संवादात एक पेच आहे. जे ठाऊक आहे ते शोधायची गरज नाही. जे ठाऊकच नाही ते शोधणार कसं? सापडलं तरी ‘हेच ते’ म्हणून ओळखणार कसं? सॉक्रेटिस तिथं भूमिती काढतो, म्हणून आम्हीही वर्गात वर्षानुवर्षं भूमितीच काढली. आता वाटतं, संगीताचं उदाहरण द्यायला हवं होतं.

मोबाइलवरच्या संगीताच्या ॲपमध्ये शोधायला एक चौकट असते. तीत नाव लिहावं लागतं. ज्याचं नावच माहीत नाही त्याचं काय? ॲप म्हणतं, काळजी नको, तुम्हाला आवडेल ते आम्हीच सुचवतो. म्हणजे काल ऐकलंत त्याचा चुलतभाऊ आज दारात!

न्यू जर्सीत ‘डब्ल्यूएफएमयू’ नावाचं रेडिओ स्टेशन आहे. १९५८ साली ईस्ट ऑरेंजच्या अप्साला कॉलेजात ते सुरू झालं. १९९५ मध्ये कॉलेज बंद पडलं, स्टेशन मात्र टिकलं. आता ते जर्सी सिटीत आहे. जाहिराती नाहीत, खर्च श्रोत्यांच्या देणग्यांवर चालतो. निवेदक बहुतेक बिनपगारी, आणि काय वाजवायचं ते ज्याचं त्यानं ठरवायचं. इंटरनेटवर आम्ही ते सकाळी लावतो. तिथं आदली रात्र असते. मेणाच्या नळकांड्यांवरची शंभर वर्षांपूर्वीची गाणी, मग कर्कश गिटार, मग इथिओपियाचं काहीतरी. एकदा नुसती घरघर चालली होती. बंद करायला हात गेला, पण चहा गाळायचा होता म्हणून राहिलं. पाचेक मिनिटांनी त्या घरघरीत लय ऐकू येऊ लागली. नाव स्टेशनच्या वेबसाइटवरच्या यादीत नंतर पाहिलं. मेनोचा पेच इथं सुटतो तो असा: ओळख आधी, नाव मागाहून.

ॲडोर्नो १९३८ मध्ये अमेरिकेत आला तो रेडिओवरच्या एका संशोधन प्रकल्पात काम करायला. प्रकल्पाची कचेरी न्यूअर्कमध्ये, म्हणजे ईस्ट ऑरेंजच्या शेजारीच. ओळखीचं वाटणं म्हणजेच आवडणं, अशी सवय हा बाजार लावतो, ही त्याची तक्रार. ती ॲपला चपखल बसते. पण या स्टेशनलाही थोडी लागू आहे, हे आम्ही लपवत नाही. पाच मिनिटं इथिओपिया, पाच मिनिटं जावा, हे ऐकणं की नुसतं चाखणं? विलंबित ख्याल कुणी असा पाच मिनिटांत उरकला तर आपण चिडूच ना!

आणि ‘बिनव्यापारी’ या शब्दानंही हुरळून जाऊ नये. आकाशवाणीवरही तेव्हा जाहिराती नव्हत्या. तरी हार्मोनियमवर १९४० पासून तिथं बंदी होती, आणि १९५२ नंतर केसकरांच्या काळात सिनेसंगीत मागं सारलं गेलं. लोक मुकाट्यानं रेडिओ सिलोनकडं वळले, तेही टूथपेस्टवाल्यांनी प्रायोजित केलेला कार्यक्रम ऐकायला! म्हणजे प्रश्न पैशाचा आहेच, पण निवडतो कोण आणि कुठल्या अधिकारानं, हाही आहे. कान्ट म्हणतो, ‘हे सुंदर आहे’ असं म्हणणारा इतरांचीही संमती मागत असतो. मागतो, लादत नाही. खातं लादतं. ॲप मागतही नाही, आपलंच मत आपल्याला परत करतं. मध्यरात्री एकटा बसलेला तो निवेदक मात्र स्वतःच्या नावानं मागतो, आणि आपण नाही म्हणू शकतो.

मागून कुणी विचारतंय, मग ॲप काढून टाकायचं का? आम्ही नाही काढलं. त्या घरघरीचं नाव कळल्यावर ती पुन्हा ऐकली कुठं? तिथंच.