झडती : मेक्सिकोच्या खाणकामगाराची तीन चित्रे

मेक्सिको शहरातील सार्वजनिक शिक्षण मंत्रालयाच्या भिंतींवर दिएगो रिव्हेराने १९२३ साली श्रमाची चित्रे रंगवली. त्यांत खाणीची एक जोडी आहे. पहिल्या चित्रात माणसे खांद्यावर लाकडाचे ओंडके घेऊन काळ्या विवरात उतरतात. दुसऱ्यात खाणीतून वर आलेला कामगार दोन्ही हात आडवे पसरून उभा आहे आणि मुकादमाची माणसे त्याची झडती घेत आहेत. अनेक समीक्षकांनी येथे ख्रिस्ताचा क्रूस पाहिला. रिव्हेराला तो अभिप्रेत असणारच.

मला मात्र आधी क्रूस दिसला नाही, गिरणीचे फाटक दिसले. माझे आजोबा मुंबईच्या एका गिरणीत होते. पाळी सुटली की फाटकावर झडती होई. रात्ररात्र गोष्टी सांगणारा हा माणूस या बाबतीत एकच वाक्य बोलला, "हात वर करायचे आणि दुसरीकडं बघायचं." त्यामुळे या चित्राकडे मला केवळ कलाकृती म्हणून पाहता येत नाही. माझा प्रश्न असा आहे : हात पसरून उभा असलेल्या या माणसाबद्दल चित्र काय सांगते आणि काय गाळते?

त्यासाठी त्याच्या मागचा इतिहास पाहिला पाहिजे. १५४६ साली साकातेकास येथे स्पॅनिश लोकांना चांदी सापडली. पुढे ग्वानाह्वातो, पाचुका येथेही सापडली. १५५४ च्या सुमारास पाचुका येथे बार्तोलोमे दे मेदिना याने पारा, मीठ आणि दळलेले खनिज अंगणात कालवून चांदी वेगळी करण्याची रीत बसवली. हलक्या प्रतीच्या खनिजातूनही चांदी निघू लागली. तो चिखल जनावरांच्या आणि माणसांच्या पायांनी तुडवला जाई. पारा शरीरात शिरला की हात थरथरत, दात हलत. हा पारा मुख्यतः स्पेनमधल्या आल्मादेनच्या खाणीतून येई आणि त्याची मक्तेदारी राजाकडे होती. म्हणजे खाण कोणाचीही असो, तिची नाडी राजाच्या हातात होती.

खाणीभोवती जो समाज उभा राहिला त्याची उतरंड रक्तावर ठरली. वर स्पेनमध्ये जन्मलेले, मग येथे जन्मलेले गोरे, खाली मेस्तिसो, मुलातो, मूळ रहिवासी आणि आफ्रिकेतून आणलेले गुलाम. या मिश्र समूहांना 'कास्ता' म्हणत. हाच शब्द पोर्तुगीजांनी सोळाव्या शतकात आपल्याकडे जातीला लावला आणि त्यातूनच इंग्रजीत 'कास्ट' आला. शब्द एक असला तरी वस्तू एक नाही, हे आपल्या विद्यार्थ्यांना आवर्जून सांगितले पाहिजे. तेथे मिश्रण होत होते आणि सत्ता त्या मिश्रणाची यादी करत होती. येथे मिश्रणच निषिद्ध होते आणि स्पर्शसुद्धा बाटवत होता. उतरंड दोन्हीकडे होती, पण तिची यंत्रणा वेगळी. आणखीही एक धागा आहे. अमेरिकेतली ही चांदी व्यापारातून हिंदुस्थानात येई आणि सुरतेसारख्या टांकसाळींत तिचे रुपये पडत. येथल्या रयतेने ज्या नाण्यात सारा भरला, त्यात त्या तुडवलेल्या चिखलाचाही अंश होता.

आता खाणकामगाराचे दुसरे चित्र. हे शब्दांतले आहे. जर्मन संशोधक अलेक्झांडर फॉन हुम्बोल्ट १८०३-०४ मध्ये या देशात हिंडला. 'न्यू स्पेन'वरच्या आपल्या ग्रंथात त्याने 'तेनातेरो' म्हणजे पाठीवरून खनिज वाहणाऱ्या हमालांचे वर्णन केले. २२५ ते ३५० पौंडांचे ओझे घेऊन ही माणसे सहा सहा तास पायऱ्या चढत-उतरत. संपत्तीची एवढी भयानक विषमता आपण इतरत्र पाहिली नाही, असेही त्याने लिहिले. आणि झडतीही त्याने पाहिली. उघड्या अंगाच्या मजुरांचे केस, काखा, तोंड तपासले जाई. शेकडो माणसांना असे उभे करणे त्याला क्लेशकारक वाटले. पण लगेच तो व्हालेन्सियाना खाणीतल्या चोरीच्या नोंदवहीकडे वळतो आणि किती रकमेची चांदी गेली ते सांगतो. हुम्बोल्ट प्रामाणिक होता, दयाळूही होता. पण नोंदवही मालकाची होती. फुप्फुसात धूळ भरून, पाऱ्याने झिजून जे गेले, त्यांची अशी वही त्याच्या हाती नव्हती. जेथे लेखन मालकाचे, तेथे सहृदय पाहुण्याचे आकडेही मालकाच्याच बाजूने बोलतात.

तिसरे चित्र कामगारांनी स्वतः दिलेले आहे आणि ते सर्वांत जुने आहे. पाचुकाजवळच्या रेआल देल मोन्ते येथे रीत अशी होती की ठरलेले खनिज काढून झाले की त्यापुढे जे निघेल त्यात कामगाराचा हिस्सा. त्याला 'पार्तिदो' म्हणत. १७६६ साली पेद्रो रोमेरो दे तेरेरोस या धनाढ्य मालकाने यात हात घातला. मापाच्या गोण्या वाढवल्या, कामगाराच्या हिश्श्याचे चांगले खनिज निकृष्ट खनिजात मिसळायला लावले आणि साध्या मजुराची रोजी चार रेआलांवरून तीनवर आणली. कामगारांनी आपल्या तक्रारी लिहून अधिकाऱ्यांपुढे ठेवल्या आणि काम थांबवले. १५ ऑगस्टला उद्रेक झाला. एक मुकादम आणि गावचा मुख्य अधिकारी मारला गेला. चौकशीसाठी आलेल्या गाम्बोआ या न्यायाधीशाने पार्तिदो आणि चार रेआल मान्य केले. अमेरिका खंडातील पहिल्या संपांपैकी एक म्हणून याची गणना होते. मालक मात्र १७६८ मध्ये काउंट झाला आणि १७७५ मध्ये गरिबांसाठी त्याने तारण-कर्जाची संस्था काढली.

या तक्रारीत कोणी दया मागितलेली नाही. गोणीचे माप मागितले आहे, मिसळीवर आक्षेप आहे, रोजीचा हिशेब आहे. आता झडतीचा अर्थ उलगडतो. पुढच्या काळात मालकांनी ठिकठिकाणी पार्तिदो मोडला. काल जो हिस्सा होता तो आज चोरी ठरला आणि हिस्सेदार संशयित झाला. हक्क काढून घ्यायचा आणि मग त्याच माणसाचे अंग चाचपायचे, हा क्रम आपल्या वाचकांना समजावून सांगण्याची गरज नाही.

रिव्हेराने यातले काय गाळले ते येथे दिसते. त्याने अपमान दाखवला, हिशेब दाखवला नाही. तो स्वतः ग्वानाह्वातोचा. शिक्षण मंत्रालयाच्या भिंतीवर खाणकामगाराला जागा देणे ही त्या काळात लहान गोष्ट नव्हती, आणि अक्षरशत्रू ठेवल्या गेलेल्या जनतेला वाचता येईल अशी ती भाषा होती. तरीही क्रूसाच्या आकारात उभा केलेला माणूस हुतात्मा होतो. हुतात्म्यापुढे आपण नतमस्तक होतो, त्याच्याशी मजुरीचा करार करत नाही. खनिज निवडणाऱ्या, फोडणाऱ्या स्त्रिया तर या जोडचित्रात कोठेच नाहीत.

हुतात्मा होण्यास नकार देणारा कामगार इतिहासात पुन्हा पुन्हा भेटतो. १९०६ साली कानानेआच्या तांब्याच्या खाणीत मेक्सिकन कामगारांनी पाच पेसो, आठ तास आणि अमेरिकन कामगारांच्या बरोबरीची वागणूक मागितली. सीमेपलीकडून सशस्त्र माणसे आणून तो संप मोडला गेला. वीसहून अधिक माणसे मेली. १९१७ च्या राज्यघटनेच्या सत्ताविसाव्या कलमाने भूगर्भातली संपत्ती राष्ट्राची ठरवली. पण कागदावर राष्ट्राची झालेली संपत्ती खाणीतल्या माणसाची होतेच असे नाही. १९ फेब्रुवारी २००६ रोजी कोआविला राज्यात पास्ता दे कोन्चोस या कोळसा खाणीत स्फोट होऊन ६५ कामगार ठार झाले. ६३ जणांचे देह आतच राहिले. विधवांनी आणि नातलगांनी वर्षानुवर्षे मागणी लावून धरली, तेव्हा कोठे २०२४ मध्ये अवशेष हाती येऊ लागले. त्याच कानानेआच्या खाणीतून ऑगस्ट २०१४ मध्ये सुमारे ४०,००० घनमीटर विषारी आम्लद्रव सोनोरा नदीच्या पात्रात गेला. आजही जगात सर्वाधिक चांदी मेक्सिकोतच निघते.

मग आपल्या वाङ्मयीन विचाराला यातून काय मिळते? सहानुभूती आणि स्वानुभव यांचा वाद आपण पुष्कळ घातला आहे. मला त्यात एक भर घालावीशी वाटते. स्वानुभवाचे लेखनसुद्धा केवळ पसरलेल्या हातांवर थांबू शकते. आपल्या आत्मकथनांतही वेदनेची पाने भरलेली असतात आणि वाटणीचे पान कोरे राहते. किती सोसले हे जितके सांगायचे, तितकेच काय आपले होते आणि ते कोणत्या युक्तीने गेले, हेही सांगितले पाहिजे. आजोबांना मी झडतीबद्दल विचारले, पण त्यांच्या पगाराच्या चिठ्ठीबद्दल कधी विचारले नाही. ती चूक माझी आहे. रेआल देल मोन्तेच्या मजुरांनी मात्र अडीचशे वर्षांपूर्वीच गोणीच्या मापाबद्दल विचारले होते.