फाट्यावर अडखळणारे समीकरण

सीटी अँजिओच्या रिपोर्टातले ते लालभडक चित्र, हाडे पुसून नुसत्या धमन्या उभ्या केलेले, शेवगावसारख्या तालुक्याच्या गावीही आता नवलाचे राहिलेले नाही. पेशंट नगरला किंवा संभाजीनगरला जातो, पिशवीत फिल्म आणि सीडी घेऊन परततो. चित्र घरचे सगळे बघतात, त्यामागच्या गणिताला मात्र कुणी दाद देत नाही. ती द्यायची तर १९९८ सालचा एक आठ पानी निबंध उघडावा. नेदरलँड्समधल्या उट्रेख्तला बसून अलेहांद्रो फ्रांजी आणि तीन सहकाऱ्यांनी तो लिहिला. त्यातले मुख्य समीकरण दोन ओळींत मावते.

धमनी हवी तर उजळ ठिपके वेचावेत, असे कुणालाही वाटेल. पण शिरेतून दिलेल्या आयोडीनच्या औषधाने धमनी उजळते आणि हाड तर मुळातच उजळ. नुसत्या उजेडावर विसंबलो तर दोन्ही एकत्र येतात. फ्रांजी आकाराकडे बघतात. मुळा धरणाच्या पाटाच्या कडेने चालत राहा, पायाखाली फारसे काही बदलत नाही. तोच पाट आडवा ओलांडायला जा, की भराव, पाणी, पुन्हा भराव. धमनीतल्या ठिपक्याचे असेच आहे. लांबीच्या दिशेने उजेड जवळपास सारखा, आडव्या दोन्ही दिशांनी झपकन उतरलेला. हा उतार मोजायला १९व्या शतकातल्या लुडविग ओटो हेसे या जर्मन गणितज्ञाचे मॅट्रिक्स कामी येते. त्यातून प्रत्येक ठिपक्याचे तीन आकडे निघतात. एक शून्याजवळ आणि दोन मोठे, ऋण: नळी. तिन्ही मोठे: गोळा. एकच मोठा: पत्रा.

मला भावतो तो पुढचा गुणाकार. हा पत्रा तर नाही? गोळा तर नाही? की नुसती खरखर आहे? तिन्ही उत्तरे ० ते १ मधली. बेरीज केली असती तर दोन गुणांच्या आड एक अवगुण खपून गेला असता. इथे एक शून्य आले की सगळेच शून्य. तिसरा प्रश्न तर फारच मार्मिक. पहिले दोन केवळ गुणोत्तरे पाहतात, आणि गुणोत्तरापुरती रिकाम्या काळोखातली खरखरही अधूनमधून नळीचे सोंग घेते. मग हा सगळा हिशोब वेगवेगळ्या जाडीसाठी करून सर्वांत मोठे उत्तर ठेवायचे. त्यामुळे महाधमनी आणि बारीक फांदी एकाच समीकरणात बसतात.

अडखळते ते फाट्यावर. धमनी दुभंगते तिथे ती नळी उरत नाही, उत्तर घसरते आणि चित्रात तूट पडते. मेंदूतल्या धमनीला फुगा धरतो तो बहुधा अशाच फाट्याशी. वर तो गोलसर, म्हणजे ‘गोळा तर नाही?’ हा प्रश्न त्यालाच बाहेर काढतो. समीकरण आपल्या व्याख्येला इतके जागते, की नेमका आजारच निसटतो. २०१५ सालच्या यू-नेटपासून माणसाने रेखून दिलेली उदाहरणे पाहून शिकणारी न्यूरल जाळी रुळली, आणि फाटे, फुगे उदाहरणांतूनच शिकवता येऊ लागले. मात्र तिथे एखादी फांदी सुटली तर ती का सुटली हे सांगणे कठीण. फ्रांजींच्या बाबतीत कुठल्या प्रश्नाने तिला शून्य दिले, ते कागदावर मांडून बघता येते.