खर्च, अदलाबदल आणि प्रेक्षकाचा न्याय : ‘मनीबॉल’च्या निमित्ताने

मायकेल लुईस यांचा ‘मनीबॉल’ (२००३) हा ग्रंथ क्रीडावाङ्मयात जमा केला जातो, आणि त्याच्या विषयाकडे पाहता ते योग्यच आहे. अमेरिकेतील ओकलंड अ‍ॅथलेटिक्स या बेसबॉल संघाच्या २००२ सालच्या हंगामाची ती कथा होय. त्या वर्षी न्यूयॉर्क यांकीज संघाचा वेतनखर्च सुमारे साडेबारा कोटी डॉलर, तर ओकलंडचा सुमारे चार कोटी. आणि नियमित हंगामात दोघांचेही विजय १०३. एवढ्या विलक्षण आकड्यांवर कोणताही कथाकार लुब्ध व्हावा. परंतु प्रस्तुत लेखकास या ग्रंथाचे महत्त्व निराळ्याच ठिकाणी वाटते. संघाने किती खर्चावे, आणि हंगामाच्या मध्यावर कोणता खेळाडू देऊन कोणता घ्यावा, याविषयी सामान्य प्रेक्षक जो वाद पिढ्यान्‌पिढ्या घालीत आला आहे, त्या वादाला या ग्रंथाने नवी परिभाषा दिली. त्या परिभाषेची तपासणी करणे हा येथील हेतू आहे.

वादाचे स्वरूप आधी सांगितले पाहिजे. बेसबॉलमध्ये खेळाडू त्याच्या करारासह एका संघाकडून दुसऱ्याकडे जातो, आणि बहुधा त्याची संमती विचारली जात नाही. या अदलाबदलीची मुदत १९२३ ते १९८५ पर्यंत १५ जून ही होती. पुढे ती जुलैच्या अखेरीस गेली. विजेतेपदाच्या जवळ आलेला संघ अशा वेळी आपले होतकरू तरुण देऊन पिछाडीच्या संघाकडून एखादा तयार खेळाडू घेतो. म्हणजे एकाचे भविष्य आणि दुसऱ्याचे वर्तमान यांचा हा विनिमय होय. (इंडियन प्रीमियर लीगमध्ये लिलावाच्या खर्चाला सर्व संघांसाठी एकच मर्यादा असते, बेसबॉलमध्ये अशी कमाल मर्यादा नाही, फक्त ठरावीक रकमेपलीकडच्या खर्चावर कर बसतो. त्यामुळे ‘मालकाने आणखी का खर्चले नाही’ हा प्रश्न तेथे अधिक तीव्रतेने विचारला जातो.)

डेट्रॉइटचे उदाहरण या दृष्टीने अभ्यसनीय आहे. ऑगस्ट १९८७ मध्ये त्या संघाने जॉन स्मोल्ट्झ हा वीस वर्षांचा पिचर अटलांटाला देऊन डॉइल अलेक्झांडर हा छत्तीस वर्षांचा पिचर घेतला. अलेक्झांडरने उरलेल्या हंगामात नऊ सामने जिंकले, एकही हरला नाही. डेट्रॉइटने आपला विभाग जिंकला, पण पुढच्या फेरीत मिनेसोटाकडून पराभव पत्करला. स्मोल्ट्झ मात्र २०१५ साली खेळाच्या सन्माननीयांच्या मालिकेत जाऊन बसला. हा व्यवहार शहाणपणाचा की मूर्खपणाचा? दोन्ही पक्षांपाशी तथ्ये तीच आहेत. भेद आहे तो क्रियापदाच्या अर्थाचा. एक पक्ष स्वार्थात बोलतो : ‘विभाग जिंकला.’ दुसरा संकेतार्थात : ‘स्मोल्ट्झला दिले नसते, तर…’ किंबहुना प्रेक्षकांचा हा सारा वाद म्हणजे संकेतार्थाचा अखंड प्रयोग आहे असे म्हणता येईल. ज्याची परीक्षा कधीच होणार नाही अशा विधानावर माणसे वीस-वीस वर्षे ठाम राहतात, यात आश्चर्य ते काय!

लुईस यांनी या वादात मोजमाप आणले, हे त्यांचे श्रेय नाकारता येत नाही. निर्णयाची योग्यता त्याच्या फळावरून न ठरवता, निर्णयाच्या क्षणी उपलब्ध असलेल्या ज्ञानावरून ठरवावी, ही शिस्त त्यांच्या वाचकाने त्यांच्यापासूनच घेतली. तथापि कथानकाच्या सोयीसाठी त्यांनी काही गोष्टी मागे ठेवल्या आहेत. बॅरी झिटो हा त्या वर्षी अमेरिकन लीगचा सर्वोत्कृष्ट पिचर ठरला आणि मिगेल तेहादा सर्वांत मौल्यवान खेळाडू. संघाची खरी शक्ती त्यांच्यात आणि टिम हडसन, मार्क मल्डर यांच्यात होती. हे खेळाडू स्वस्त होते ते केवळ व्यवस्थापक बिली बीन यांच्या चातुर्याने नव्हे. सहा वर्षांची सेवा पूर्ण होईपर्यंत खेळाडूला खुल्या बाजारात जाता येत नाही, हा नियम त्याच्या मुळाशी आहे. ‘काटकसरीचा संघ’ ही स्तुती करताना ती काटकसर कोणाच्या खिशातून होते, हे प्रेक्षक विचारीत नाही. कर्ट फ्लड याने १९६९ साली आपली अदलाबदल नाकारून न्यायालयात धाव घेतली. १९७२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्याच्या विरुद्ध निकाल दिला, आणि मुक्तीची वाट अखेर उघडली ती डिसेंबर १९७५ च्या लवादाने. आजचा प्रेक्षक ज्या खर्चाविषयी हळहळतो, त्या खर्चाचा उगम या लढ्यात आहे.

ग्रंथातील सर्वांत जिवंत भाग म्हणजे जुलै २००२ मधील रिकार्डो रिंकॉनचा व्यवहार. बीन दूरध्वनीवरून एका संघाला दुसऱ्याविरुद्ध खेळवतात आणि वाचक श्वास रोखून त्यांच्या बाजूला उभा राहतो. रिंकॉनला जागा करण्यासाठी माइक मॅग्नान्टी या पिचरला संघातून काढण्यात येते; त्याची दहा वर्षांची सेवा आणि तिच्याबरोबर येणारे पूर्ण निवृत्तिवेतन यांना तेव्हा काही दिवसच उरलेले होते. लुईस हे सांगतात, लपवत नाहीत. पण कथनाचा वेग असा की वाचक तेथे थांबत नाही. येथेच ग्रंथाने प्रेक्षकाला कोठे नेऊन बसवले आहे ते स्पष्ट होते. पूर्वी तो मैदानाकडे तोंड करून बसत असे. आता तो व्यवस्थापकाच्या खुर्चीत बसून ‘आपला’ पैसा वाचवू लागला. वस्तुतः त्या पैशातील एक डॉलरही त्याचा नसतो, आणि वाचलेली रक्कम तिकिटाच्या दरात परत मिळाल्याचे ऐकिवात नाही.

या खुर्चीची किंमत ओकलंडच्या चाहत्यांइतकी कोणी मोजली नसेल. जुलै २०१४ मध्ये संघाने योएनिस सेस्पेडिसला बोस्टनकडे धाडून जॉन लेस्टरला घेतले, तेव्हा हा धाडसी हिशेब बरोबर की चूक यावर ते हिरिरीने भांडले. त्या वर्षीच्या निर्णायक सामन्यात संघ बाराव्या डावात कॅन्सस सिटीकडून ९–८ असा हरला आणि भांडण तसेच राहिले. पुढे मालकाची काटकसर हा त्यांच्या कौतुकाचा विषय उरला नाही. १३ जून २०२३ रोजी सत्तावीस हजारांहून अधिक लोक, संघ शहराबाहेर नेला जात असल्याचा निषेध म्हणून, मुद्दाम तिकिटे काढून मैदानात आले. वर्षानुवर्षे त्यांनी ‘याला विका, त्याला ठेवा’ अशी चर्चा केली होती. त्या रात्री ‘विका’ हाच शब्द त्यांनी एका सुरात उच्चारला, पण या वेळी तो मालकाला उद्देशून होता : संघच विका. मालकाने तो विकला नाही. २०२४ च्या हंगामानंतर संघ ओकलंड सोडून गेला.