अटकेपाशी संपणारी गोष्ट

मराठी दैनिकातली खुनाची बातमी डोळे मिटून लिहिता येते. आधी परिसरात खळबळ उडते. मग तपासाची चक्रं फिरतात, गुप्त बातमीदाराकडून माहिती मिळते, सापळा रचला जातो, संशयिताच्या मुसक्या आवळल्या जातात आणि पोलिसी खाक्या दाखवताच तो गुन्ह्याची कबुली देतो. शेवटच्या परिच्छेदात कारवाईत भाग घेतलेल्यांची नावं हुद्द्यांसह येतात, अधीक्षकांपासून शिपायापर्यंत. मेलेल्या माणसाच्या वाट्याला वय, गाव आणि फार तर धंदा.

यातल्या कबुलीच्या वाक्याला कायद्याच्या लेखी काडीची किंमत नाही. पोलिसांपुढे दिलेला कबुलीजबाब आरोपीविरुद्ध वापरायचा नाही, असं १८७२ च्या पुरावा कायद्याचं कलम २५ सांगत होतं. आताच्या भारतीय साक्ष्य अधिनियमात कलम २३ तेच सांगतं. न्यायाधीश जे कानाआड करतात त्यावर वाचक सकाळी सातला निकाल देऊन मोकळा होतो. आणि तो ‘खाक्या’ म्हणजे नेमकं काय केलंत, हे विचारायचं काम ज्याचं, तोच तो शब्द कौतुकाने छापतो.

गुन्ह्यांच्या खऱ्या गोष्टींना आज बरे दिवस आहेत. ओटीटीवर मालिका आहेत, पॉडकास्ट आहेत, यूट्यूबवर ‘थरारक’ लिहिलेले अर्ध्या तासाचे व्हिडिओ आहेत. माल भरपूर आहे, पण बहुतेक मालाची घडण पोलीस ठाण्यात झालेली आहे. गोष्ट प्रेत सापडण्यापासून सुरू होते आणि अटकेपाशी संपते. त्यानंतर दहा-वीस वर्षं कोर्टात जे चालतं ते या कलेच्या हद्दीबाहेर, असं जणू ठरूनच गेलंय.

ही सवय जुनी आहे. मुंबईच्या झोपड्यांत आणि फुटपाथवर झोपलेल्या माणसांची डोकी फोडणारा रमण राघव १९६८ च्या ऑगस्टमध्ये पकडला गेला. त्याने तोंड उघडण्याआधी कोंबडीचं जेवण मागितलं, हा तपशील आज शाळकरी पोरालाही ठाऊक असतो. त्याला स्किझोफ्रेनिया असल्याचं मान्य होऊन फाशीची जन्मठेप झाली आणि १९९५ साली तो पुण्यात ससूनमध्ये वारला, हे फार थोड्यांना माहीत असतं. त्या तपासाचे प्रमुख रमाकांत कुलकर्णी नेमस्त, वाचनाची आवड असलेले अधिकारी, आणि लिहायचेही चांगले. मानवतची खून प्रकरणंही त्यांच्याच आठवणींच्या पुस्तकातून आपल्यापर्यंत आली. २०२४ मधली ‘मानवत मर्डर्स’ ही मालिका त्याच पुस्तकावर बेतली आहे. आशुतोष गोवारीकर त्यात संयमाने उभे राहिलेत, सत्तरच्या दशकातला परभणी जिल्हाही जमून आलाय. पण ज्या दोघांना त्या काळी आणि आताही सूत्रधार म्हणून दाखवलं जातं, ती माणसं वरच्या न्यायालयात पुराव्याअभावी सुटली. या गोष्टीचा खरा पेच तिथे आहे. गुप्तधन, नरबळी, वाडा आणि राख फासलेले चेहरे यांत तो हरवतो. पोलीस अधिकाऱ्याने स्वतःच्या बाजूने लिहावं यात गैर काही नाही. गैर हे की पन्नास वर्षांत दुसरी बाजू लिहायला बातमीदार पुढे आल्याचं माझ्या पाहण्यात नाही.

जोशी-अभ्यंकर प्रकरणाचंही तेच. जानेवारी १९७६ ते मार्च १९७७, दहा खून, आणि आरोपी अभिनव कला महाविद्यालयाची मुलं. संध्याकाळनंतर पुण्याच्या पेठा ओस पडायच्या, हे सांगणारे लोक अजून भेटतात. पहिलं प्रेत पिंपात घालून तळ्यात सोडलेलं होतं, शेवटचं लोखंडी शिडीला बांधून नदीत. चौघांना २७ नोव्हेंबर १९८३ रोजी येरवड्यात फाशी झाली. पुढे चित्रपट आला, फाशी गेलेल्यांपैकी मुनव्वर शाहचं आत्मकथनही आलं. ही मालिका जवळपास सगळीच्या सगळी आणीबाणीत घडली, याकडे मात्र कोणी वळून पाहत नाही. वर्तमानपत्रांवर सेन्सॉर बसलेला आणि शहर अफवांवर जगत होतं, त्या काळात पुण्यातल्या बातमीदाराला काय छापता आलं आणि काय गिळावं लागलं? माझ्या मते त्या प्रकरणावरचं सगळ्यात वाचनीय पुस्तक या प्रश्नातून निघालं असतं.

याच्या उलट टोकाचा नमुना १९५९ च्या नानावटी खटल्यात दिसतो. पोलिसांचं ऐकून लिहिण्याऐवजी संपादक करंजियांच्या ‘ब्लिट्झ’ साप्ताहिकाने सरळ आरोपीचं वकीलपत्र घेतलं. पंचवीस पैशांचा अंक दोन रुपयांना खपत होता. ज्युरीने आठ विरुद्ध एक मतांनी कमांडर नानावटीला निर्दोष ठरवलं, उच्च न्यायालयाने तो कौल फिरवला, आणि १९६४ साली राज्यपालांच्या माफीने तो बाहेर आला. पत्रकारिता म्हणून तो प्रकार वाईटच. पण निदान कोर्टात काय चाललंय याकडे वाचकांचं लक्ष होतं, हेही कबूल करायला हवं.

ऐंशी-नव्वदच्या दशकांत मुंबईचा क्राइम बीट वेगळ्याच वळणावर गेला. टोळ्या आणि एन्काऊंटर यांच्यामध्ये उभा राहिलेला बातमीदार दोन्हीकडच्या लोकांना फोन लावू शकत होता. त्याची पत त्याच्या डायरीतल्या नंबरांवर ठरू लागली. या काळातून एस. हुसेन झैदी यांच्यासारखे लेखक आले. २००२ चं ‘ब्लॅक फ्रायडे’ अजूनही उभं राहतं, कारण त्याच्यामागे १९९३ च्या बाँबस्फोट खटल्याचे कागद आहेत. ‘डोंगरी टू दुबई’ मला तेवढं भावत नाही. त्यात दंतकथा आणि नोंद यांची सरमिसळ होते, आणि दोन गुंडांमधला बंद खोलीतला संवाद कोणी ऐकला, असा प्रश्न दर दहा पानांनी पडतो. अर्थात लोकांना आवडलं ते हेच, आणि त्यावर हिंदी सिनेमाने किती वर्षं पोट भरलं ते सगळ्यांनी पाहिलंच आहे.

या बीटची किंमत कळली ती ११ जून २०११ रोजी. ‘मिड-डे’चे ज्योतिर्मय डे यांना पवईत भर दुपारी गोळ्या घातल्या गेल्या. खबऱ्यांच्या जगावर पुस्तक लिहिलेला माणूस होता तो. नोव्हेंबरात याच खुनाच्या प्रकरणात पोलिसांनी जिग्ना व्होरा या दुसऱ्या दैनिकातल्या गुन्हे वार्ताहर बाईंना अटक केली, आणि ज्या सूत्रांवर त्या इतकी वर्षं बातम्या करत होत्या त्याच सूत्रांच्या हवाल्याने त्यांच्याच पंगतीतल्या लोकांनी त्यांच्यावर रकाने भरले. नातेसंबंध, महत्त्वाकांक्षा, हेवा, सगळं छापून झालं. त्यांनी आठ-नऊ महिने भायखळ्याच्या तुरुंगात काढले. मे २०१८ मध्ये छोटा राजनला जन्मठेप झाली, त्या निर्दोष सुटल्या, आणि पुढे उच्च न्यायालयानेही ते कायम केलं. त्यांच्या आठवणींवरून हंसल मेहता यांनी २०२३ मध्ये ‘स्कूप’ केली. बातमीदारांचीच उलटतपासणी घेणारी ही मालिका या सगळ्या लाटेत मला सर्वांत प्रामाणिक वाटली, विशेषतः न्यूजरूममधले प्रसंग, जिथे संपादकाला पानाची वेळ दिसत असते आणि बातमीतल्या बाईचं नाव दिसत नसतं.

आता जिल्ह्याच्या ठिकाणी जाऊ. पोलिसांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर दुपारी प्रेस नोट येते. सोबत फोटो: टेबलावर ओळीने मांडलेले कोयते, मोबाइल, नोटांची पुडकी, मागे हाताची घडी घातलेले अधिकारी, पुढे जमिनीवर उकिडवे बसलेले, तोंडावर काळा बुरखा चढवलेले आरोपी. तो बुरखा ओळख परेडसाठी असतो, साक्षीदाराने चेहरा आधी पाहिलेला नसावा म्हणून. त्याच संध्याकाळी त्याच आरोपीचा विनाबुरख्याचा फोटो गावभर फिरतो. दुसऱ्या दिवशी चार वर्तमानपत्रांत एकच मजकूर येतो, शुद्धलेखनाच्या चुकांसकट. रिमांडसाठी पोलिसांनी कोर्टात कोणती कारणं दिली, आरोपीच्या अंगावर मार होता का, त्याला वकील मिळाला का, हे पाहायला कोणी गेलेलं नसतं. तुटपुंज्या मानधनावर पाच तालुके सांभाळणाऱ्या माणसाकडून ती अपेक्षा तरी कशी करायची? दोष त्याचा एकट्याचा नाही.

पण या सवयीची फळं कडू आहेत. भंडारा जिल्ह्यातल्या खैरलांजीत २९ सप्टेंबर २००६ रोजी भोतमांगे कुटुंबातल्या चौघांना मारलं गेलं. सुरुवातीला ती बातमीच झाली नाही. जिथे झाली तिथे अनैतिक संबंधांच्या साच्यात बसवली गेली. साचा हाताशी तयार होता, त्यामुळे जात विचारायची गरज पडली नाही. महिनाभराने, कार्यकर्त्यांचे अहवाल आणि लोकांचा संताप बाहेर आल्यावर, वर्तमानपत्रांना जाग आली.

त्याच वर्षी ११ जुलैला मुंबईच्या लोकलमध्ये साखळी स्फोट झाले, १८० हून अधिक माणसं गेली. मोक्का कायद्यात मात्र वरिष्ठ पोलीस अधिकाऱ्यापुढचा कबुलीजबाब ग्राह्य धरता येतो, आणि या खटल्याचा मोठा भार तशाच जबाबांवर होता. त्या वेळच्या बातम्या काढून पाहा: कोणी कुठे प्रशिक्षण घेतलं, कोणी कुठे कुकर भरले, सगळं ‘सूत्रांनुसार’, आणि सगळं निश्चित. २०१५ मध्ये बाराजणांना शिक्षा झाली, त्यांत पाचजणांना फाशी. २१ जुलै २०२५ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने बाराहीजणांना सोडलं. जबाब छळ करून घेतल्याचं आरोपींनी दाखवून दिलं, असं निकालात म्हटलं. सरकार सर्वोच्च न्यायालयात गेलं आहे, त्यामुळे शेवटचा शब्द अजून यायचा आहे. मात्र २००६ च्या मथळ्यांकडे परत जाऊन ‘आम्हाला हे कोणी सांगितलं होतं’ असं स्वतःलाच विचारणारा लेख मोठ्या दैनिकांत माझ्या नजरेस पडला नाही. २०१५ मध्येच निर्दोष सुटलेले वाहिद शेख यांना नऊ वर्षांच्या तुरुंगवासावर पुस्तक स्वतःच लिहावं लागलं.

बातमीदार पीडितेचा वापर कसा करतो, हे मराठी नाटकाने फार पूर्वी सांगून ठेवलंय. १९८१ मध्ये अश्विनी सरीन यांनी बायकांचा बाजार सिद्ध करायला एक बाई २,३०० रुपयांना विकत घेतली आणि ‘इंडियन एक्स्प्रेस’मध्ये ती कहाणी छापली. तेंडुलकरांनी त्यावरून ‘कमला’ लिहिलं. त्यांचा बातमीदार जयसिंग बाईला पत्रकार परिषदेत उभं करतो आणि काम झाल्यावर तिला विसरतो. चाळीस वर्षांनी ‘एक्सक्लुझिव्ह’ म्हणत मृताच्या आईपुढे माइक धरणारा प्रतिनिधी पाहिला की जयसिंग निदान स्वतः मेहनत करत होता, एवढं श्रेय त्याला द्यावंसं वाटतं. २०२० मध्ये सुशांतसिंह राजपूतच्या मृत्यूनंतर वाहिन्यांनी जो धुडगूस घातला, त्याविरुद्ध निवृत्त पोलीस अधिकाऱ्यांनाच उच्च न्यायालयात जावं लागलं. वार्ताहरांविरुद्ध पोलिसांनीच दाद मागायची, असा उलटा खेळ. मार्च २०२५ मध्ये सीबीआयने ते प्रकरण बंद करण्याचा अहवाल दिला. त्या बातमीला मिळालेली जागा बघण्यासारखी होती.

चांगलं काम कसं असतं याचा मला सापडलेला पुरावा महाराष्ट्राबाहेरचा आहे. आरुषी खटल्यात अविरूक सेन गाझियाबादच्या कोर्टात तारखेमागून तारखेला बसले. त्यांच्या २०१५ च्या पुस्तकातला अंगावर येणारा भाग खुनाच्या रात्रीचा नाही. निकाल टाइप करायला सुरुवात बचाव पक्षाचा युक्तिवाद संपायच्या आधीच झाली होती, हे त्यांना न्यायाधीशांशी आणि त्यांच्या मुलाशी झालेल्या गप्पांतून कळतं, तो भाग. दोन वर्षांनी अलाहाबाद उच्च न्यायालयाने त्या निकालात दोषी ठरलेल्या आरुषीच्या आईवडिलांना सोडलं. सेन यांच्याकडे कोणतंही गुप्त सूत्र नव्हतं. ते बाकावर बसून होते, आणि बसून राहिले.

आपल्याकडे असं काम व्हायला विषयांचा तुटवडा नाही. कोल्हापूरच्या गावित बहिणींवर चित्रपट झाला आणि पळवलेल्या मुलांच्या कहाण्या यूट्यूबवर अजून चालतात. २००१ मध्ये सत्र न्यायालयाने त्यांना फाशी दिली, २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती कायम केली, आणि जानेवारी २०२२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने ती जन्मठेपेवर आणली. कारण, दयेच्या अर्जावर निर्णय व्हायला जवळपास आठ वर्षं लागली आणि सरकारला त्या उशिराचा हिशेब देता आला नाही. त्या आठ वर्षांत ती फाइल मंत्रालयात कोणत्या खात्यात किती दिवस पडून होती, तिच्यावर कोणी काय शेरे मारले, दिल्लीला ती कधी गेली, याचे कागद न्यायालयापुढे आले होते. ते वाचून कोणी सलग लिहिलेलं मी शोधतोय.